उरलेला अर्धा पंप

मी सव्वीस वर्षं अळ्या मारायचं काम करते आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. अकोल्यात एका प्रयोगशाळेत आम्ही जीवाणू वाढवतो. काडीच्या आकाराचा, मातीत कुठेही सापडणारा साधा जीवाणू. सोयाबीनचं पीठ आणि मळी घातलेल्या पाण्यात तो छान पोसतो. अन्न संपत आलं की टणक कवच करून बीजाणू होऊन बसतो, आणि बसताना शेजारी एक बारीकसा स्फटिक तयार करून ठेवतो, शंकरपाळ्यासारखा चौकोनी. सगळी करामत त्या स्फटिकाची. अळीने पानाबरोबर तो खाल्ला की तिच्या पोटात तो विरघळतो आणि आतड्याला भोकं पाडतो. माणसाच्या, गाईच्या, कोंबडीच्या पोटात त्याचं काही चालत नाही. आम्ही तो वाळवून भुकटी करतो, पुड्यांत भरतो आणि शेतकऱ्यांना देतो.

शिबिरात मी हे एवढं सांगत बसत नाही. बाळापूर असो की अकोट, मांडवात लोक येतात, चहा घेऊन मागच्या खुर्च्या धरतात आणि अर्धे मोबाइल पाहत बसतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. पुडीतली चिमूटभर भुकटी सगळ्यांसमोर जिभेवर ठेवायची. आमच्या साहेबांना हे आवडत नसे, पण मांडव एकदम शांत व्हायचा. आयुष्यभर विषारी औषधांच्या वासात वावरलेल्या माणसांना पटवायला दुसरं काही लागत नाही. एकदा मागून एकजण म्हणाला, "बाई, मीठ टाकाचं काय थोडसं?" सगळे हसले, मीही हसले. मग मी माझं ठरलेलं वाक्य म्हणायचे: अळीशिवाय याने कोणालाच काही होत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच बाहेर पडलं असतं.

या जीवाणूची एक खोड आहे. तो घाई करत नाही. रासायनिक औषध मारलं की तासाभरात अळ्या पटापट खाली पडतात आणि माणसाचा जीव निवतो. आमच्या भुकटीने अळी लगेच मरत नाही, ती फक्त खाणं सोडते. दोन-तीन दिवस तशीच पानावर बसून राहते, मग काळी पडून लोंबते. अकोटकडचा एक शेतकरी प्लास्टिकच्या डबीत अळी घालून थेट प्रयोगशाळेत आला होता. "हे पाहा, जिती हाय. तुमचं औषध खाऊन जाडी होऊन राहिली." मी त्याच्या डबीत एक कोवळं पान टाकलं आणि म्हटलं, उद्या पाहा आणि फोन करा. फोन आला नाही. तीन महिन्यांनी तो आणखी पुड्या न्यायला आला तेव्हा मीच विचारलं. "पान तसंच्या तसं होतं," तो म्हणाला, जणू काही त्याचीच चोरी उघडकीला आली होती. मला अशा वेळी बरं वाटतं, हे लपवायचं कारण नाही. मी बरोबर आहे हे सिद्ध झालं की मला फार बरं वाटतं.

माझं माहेर भातकुलीजवळ. आमच्या भागात जमिनीखालचं पाणी खारं आहे. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला चालत नाही आणि चहाला तर मुळीच नाही. म्हणून माझ्या भावाने वावराच्या कोपऱ्यात शेततळं खणलं आहे, खाली प्लास्टिक अंथरून. पावसाचं पाणी साठतं, तेच हिवाळाभर पुरवायचं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बोलायला फटकळ, कामाला वाघ आणि कोणाचं ऐकायचं नाही हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम. अपवाद एकच, मी. मी पुस्तकं शिकले आहे म्हणून शेतीतल्या कोणत्याही प्रश्नावर माझा शब्द शेवटचा असं त्याने कधीतरी ठरवून टाकलं आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

शेततळ्याला लागून एक एकर तुती होती, ती वहिनीची. वहिनीने पन्नाशीत रेशमाचं मनावर घेतलं. अमरावतीला जाऊन दहा दिवसांचं प्रशिक्षण केलं, रोज एसटीने जाऊन येऊन. भावाला ते पसंत नव्हतं. काळ्या कसदार वावरात झुडपं लावायची आणि किडे पाळायचे, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. "लोकं अळ्या मारते, आमच्या घरी पाळून राहिले," असं तो चारचौघांत म्हणायचा. तरी तीन-चार वर्षं मागे लागून तिने तो एकर मिळवला. शेड उभी केली. आजवर त्या घरात तिचं असं काही नव्हतं. स्वयंपाकघर सासूचं होतं, वावर नवऱ्याचं. शेड मात्र तिची होती, आणि तिथे तिचाच कायदा चाले.

मी पहिल्यांदा शेड पाहायला गेले तेव्हा तिने मला दारातच अडवलं. "बाई, हात धुऊन घ्या."

"घरून धुऊनच आले वहिनी."

"इथं पुन्हा धुवा. चपला तिकडं."

दारात चुन्याची पट्टी, बाजूला ब्लिचिंगच्या पाण्याची बादली. मी आयुष्यभर निर्जंतुक खोलीत काम केलेली बाई, मला हात धुवायला सांगणारी ती पहिलीच. थोडा राग आला, मग कौतुक वाटलं. आत मांडणीवर तुतीच्या फांद्या पसरलेल्या आणि त्यांवर पांढऱ्या मऊ अळ्या पाला खात होत्या. हजारो तोंडं एकाच वेळी चालली की आवाज होतो, सुपातून ज्वारी हळूहळू ओतावी तसा. वहिनी त्यांच्यात हलक्या हाताने वावरत होती. मेलेली किंवा आजारी दिसली की चिमट्याने उचलून चुन्याच्या डब्यात. कोणाकडे पाहून बोलायची नाही, सगळं लक्ष पाल्यावर.

पहिली बॅच चांगली निघाली. दुसरीला उन्हाने मारलं, निम्मे कोष हलके भरले. भावाने तेव्हाच सांगून टाकलं, माझ्यासमोर: "आणखी एक पाहू. हे नाही साधली त तुती काढतो अन् हरभरा पेरतो." वहिनी ताटात वाढत राहिली. पण तिसऱ्या बॅचच्या अळ्या आणल्या तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "हे साधली पायजे बाई."

हे जानेवारीतलं. त्याच सुमाराला भावाच्या हरभऱ्यावर घाटेअळी आली. घाटे भरायला लागले की ती हमखास येते, घाट्यात डोकं घालून दाणा फस्त करते आणि बाकीचं अंग बाहेर लोंबत ठेवते. भाऊ फोनवर म्हणाला, "तू साऱ्या जगाले शिकवत फिरतं, आमच्या वावरात काहून नाही येत?" रविवारी मी पुड्या घेऊन गेले. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून पुढे.

संक्रांतीचं हळदीकुंकू नुकतंच झालेलं. गावातल्या बायका वहिनीकडे आल्या होत्या आणि सगळ्यांना शेड पाहायची होती. तिने एकेकीला हात धुवायला लावून दारातून दाखवली. बायका चिडल्या म्हणे, पण पाहून हरखल्या. वहिनी हे सांगताना हसत होती. मी तिला इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

मी भावाला सगळं नीट समजावलं. भुकटी बोअरच्या पाण्यात कालवायची नाही, खारं पाणी तिची ताकद घालवतं, शेततळ्यातलं घ्या. उन्हात मारायची नाही, उन्हाने जीवाणू मरतो, सूर्य कलल्यावर मारा. उद्या सकाळी अळ्या जिवंत दिसल्या तर दुसरं औषध मारू नका, तीन दिवस थांबा. त्याने मान हलवली. लिहून घेतलं नाही, पण त्याच्या डोक्यातून काही निसटत नाही. पुडीवर काय छापलंय ते मी त्याला दाखवलं नाही. त्यानेही पाहिलं नाही. आमच्याकडे घरात जाणतं माणूस असताना पुडी वाचणं म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवण्यासारखं. मी समोर बसलेली असताना तो चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायला लागला असता, तर खरं सांगते, मलाच वाईट वाटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी मी अकोल्याच्या बाजारात वांगी निवडत होते. भावाचा फोन आला. हरभऱ्यावर फवारा झाला होता, सगळं मी सांगितल्याप्रमाणे. पाठीवरच्या पंपात अर्धं उरलं होतं. "तुतीवर पानं गुंडाळणाऱ्या अळ्या दिसून राहिल्या. तिकडं मारून देऊ काय? फेकण्यापेक्षा तिच्या कामी येईल."

त्याने तुतीसाठी आपणहून काही करायची ही पहिलीच वेळ होती. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि मला बरं वाटलं. वांगीवाला पिशवी धरून उभा होता. मी म्हणाले, "मारा की. त्याने काही होत नाही."

मी घरी आले, भरली वांगी केली, जेवले, झोपले. काही सुचलं नाही. प्रयोगशाळेत नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला सांगते की हा जीवाणू माणसाला मुळात सापडला तो मेलेल्या रेशीमकिड्यांत. गंमत म्हणून सांगते, मुलीही गंमत म्हणून ऐकतात. पुडीवरचा मजकूर मीच लिहिलेला आहे आणि त्यात शेवटून दुसरी ओळ रेशीम शेतीबद्दल आहे. तरी मला काही सुचलं नाही. अळीशिवाय कोणाला काही होत नाही, हे मी इतकी वर्षं म्हणत होते, आणि वहिनीच्या शेडमध्ये जे आहे त्याला सगळं गाव अळ्याच म्हणतं. डोळ्यांत तेल घालून ज्यावर काम केलं तेच दिसलं नाही. याला दुसरं कारण मी देऊ शकत नाही. मी विचारच केला नव्हता.

शेततळ्याजवळच्या ओळी सगळ्यात रसरशीत. वहिनीने त्या शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवल्या होत्या, कारण कोष करण्याआधी अळ्या अधाशासारख्या खातात. भावाने उरलेला पंप नेमका त्यांच्यावर मारला. रात्री तिला सांगितलंही. तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं की कोणतंही औषध मारलेला पाला कित्येक दिवस द्यायचा नाही. ती म्हणाली, "मंग आता मी पाला कोणता देऊ?" तर भाऊ म्हणाला, "अवं, बाईले इचारूनच मारलं. हे औषध थोडीच हाय." शुक्रवारी पहाटे तिने त्याच ओळींतल्या फांद्या कापल्या.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. "बाई, किडे खाऊन नाही राहिले. माना वर करून बसेल हायेत. काही त खाली पडून राहिले." तिचा आवाज हळू होता, शेजारी कोणी झोपलं असावं तसा. भरली वांगी, बाजार, फोन, सगळं एकदम समोर आलं.

सोमवारी रजा टाकून गेले. शेडच्या दारात मी हात धुवायला वाकले तर वहिनी म्हणाली, "राहू द्या आता." आत आवाज नव्हता. मांडणीवर फांद्या तशाच, पाला न खाल्लेला, कोमेजलेला. अळ्या त्यावर पसरल्या होत्या, काही पांढऱ्या आणि मलूल, बऱ्याचशा काळवंडलेल्या. मी अशा अळ्या सव्वीस वर्षं पाहत आले आहे. अशा दिसल्या की आम्ही वहीत बरोबरची खूण करतो.

दारात भाऊ उभा होता. "इतक्या बाया शेडमधी आणल्या. कोणाची नजर, कोणाचा हात. सांगतलं होतं मी." वहिनीने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, त्या औषधानं त नाही झालं?"

मला हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "पाहावं लागेल. नमुना नेते."

भाऊ म्हणाला, "त्यानं काय होते? ते त बाई खाऊन दाखवते."

मी दहा-बारा मेलेल्या अळ्या चिमट्याने काचेच्या बाटलीत भरल्या, झाकण लावलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या आत मला कळलं होतं. एका अळीच्या पोटातला थेंब काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि ते तिथे होते: बीजाणू, आणि शेजारी ते चौकोनी स्फटिक. माझ्या हाताने वाढवलेले. आपली भाकरी आपण ओळखतो तसं मी ते ओळखलं. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, काही सापडलं?" मी म्हटलं, "पुन्हा पाहावं लागेल."

आणि मी खरंच पुन्हा पाहायला लागले. शास्त्रात असंच करतात. आधी जीवाणू वेगळा काढायचा, मग वाढवायचा, मग तो निरोगी अळ्यांना खाऊ घालून त्या तशाच मरतात का ते पाहायचं, तेव्हा कुठे म्हणायचं की हेच कारण. यात आठवडा जातो. मी त्याच दिवशी एका ओळखीच्या रेशीमवाल्याकडून वीस अळ्या मागवल्या, दहांना पुडीतलं औषध पाल्यावर लावून दिलं, दहांना साधा पाला दिला. वहीत रकाने आखले. माझं अक्षर त्या आठवड्यात फार सुंदर आलं आहे.

खरं कारण वेगळं होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मी घाबरले होते. बाईच्या औषधाने बाईच्याच भावजयीच्या अळ्या मेल्या, ही गोष्ट भातकुलीहून निघून अकोटपर्यंत किती दिवसांत पोचली असती याचा मी हिशेब करत होते. पुढच्या शिबिरात मागच्या खुर्चीवरून कोणीतरी विचारलंच असतं. आणि भाऊ. ज्याने आयुष्यात एकाच माणसाचं ऐकलं, त्याला सांगायचं की त्या माणसाने भाजी निवडता निवडता उत्तर दिलं होतं. आठ दिवस मिळाले तर सांगायची काही तरी नीट रीत सापडेल असं मी मनाला बजावत होते.

बुधवारी वहिनीचा फोन आला. "काही समजलं काय बाई?"

"तपासणी चालू आहे."

"हे तुती काढाले टॅक्टर पाहून राहिले. शनवारी येतो म्हनला तो."

"दोन-चार दिवस थांबा म्हणावं."

"मी म्हनलं. ऐकून नाही राहिले. म्हनते तुह्या हाताले यश नाही." मग म्हणाली, "गावातल्या बायाबी बोलून राहिल्या. शेडमधी कोण आलतं, कोणाले अडचण होती काय. ज्या आल्या होत्या त्याच आता एकमेकींचं नाव घेऊन राहिल्या."

मी फोन धरून उभी होते. माझ्यामागे खोलीत त्या वीस अळ्या दोन डब्यांत होत्या, आणि औषध दिलेल्या दहांनी तोपर्यंत खाणं सोडलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. "रविवारी येते, मग बोलू," मी म्हणाले.

रविवारी बडनेऱ्याला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत वही होती. लाल पेनाने शेवटी निष्कर्ष लिहिला होता. वावराजवळ आले तर शेततळ्याच्या पलीकडे काही नव्हतं. काळी माती उलथलेली, ओली, आणि धुऱ्याच्या बांधावर तुतीची खोडं मुळासकट रचून ठेवलेली. जळणाला चांगली होतात. शेडचं दार उघडं होतं आणि आत हरभऱ्याचं कुटार, गुरांचा भुसा, ठेवायला जागा केली होती.

भाऊ आणि वहिनी घरी जेवायच्या तयारीत होते. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नजर नाही, बायका नाहीत, वहिनीचा हात नाही. पंपातलं औषध, आणि ते तुतीवर मारायला मीच सांगितलं होतं. वही काढायला गेले, पण ती कोणाला पाहायची होती?

भाऊ मग उठून आत गेला आणि कोनाड्यातून रिकामी पुडी घेऊन आला. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली गेला आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबला. "रेशीम किड्यांच्या संगोपनाजवळ वापरू नये," त्याने मोठ्याने वाचलं. "लिहेल त हाय इथं."

"हो."

"मी वाचलंच नाही. तू सांगतलं म्हनून." त्याने मला दोष दिला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. माफी मागायची त्याला सवय नाही. तो बाहेर निघून गेला आणि आम्हाला गोठ्यात बादली आपटल्याचा आवाज आला.

वहिनी चुलीपाशी बसली होती. तिने भाकरी उलटली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कधी समजलं तुमाले?" तिने विचारलं.

मी 'काल' म्हणू शकले असते. वहीतली शेवटची तारीख कालचीच होती आणि कोणी मला खोटं ठरवू शकलं नसतं.

"मंगळवारी," मी म्हणाले.

तिने भाकरी विस्तवापुढे उभी केली. "बुधवारी मी फोन केला होता."

"हो."

"टॅक्टरचं सांगतलं होतं."

"हो वहिनी."

मग तिने मला ताट वाढलं, भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वर तेल-तिखट. एक भाकरी संपली तशी न विचारता दुसरी घातली. मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.

त्या दिवशी संध्याकाळी भाऊ गावात चार-पाच घरी जाऊन सांगून आला की शेडमध्ये आलेल्या बायकांचा काही दोष नव्हता. हे मला दुसऱ्याकडून कळलं. शेडमध्ये मात्र कुटारच राहिलं. पुन्हा तुती लावा, मी कलमं आणून देते, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाली, "पाहू," आणि विषय बदलला. तुती लावून हाताशी यायला वर्ष जातं, आणि त्याआधी नवऱ्याकडे एक एकर मागावा लागतो. ते मागण्याचं बळ तिच्यात एकदाच आलं होतं.

मी अजून नोकरीत आहे. जीवाणू वाढवते, शिबिरं घेते. जिभेवर भुकटी ठेवणं सोडलं आहे. आता पुडी हातात घेऊन सगळी वाचून दाखवते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. लोक कंटाळतात.

वहिनीने संबंध तोडले नाहीत. दिवाळीला मला बोलावलं, साडी नेसवली, निघताना पिशवीत मूग आणि वाळवलेली सांडगी मिरची भरून दिली. फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी करते. या हिवाळ्यात हरभऱ्यावर पुन्हा घाटेअळी आली तेव्हा भावाने फोन केला. किती भुकटी, किती पाणी, सगळं पुन्हा विचारायला लागला. मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. रागाचा नव्हता. घरातलं एखादं काम सांगावं तसा साधा होता.

"त्याईले नका इचारू," ती त्याला म्हणाली. "पुडीवर लिहेल असन, ते वाचा."